सुतळीनं बांधलेला पाय

बकरीद होऊन महिना झाला असेल. रोवणीची घाई सुरू होती, त्यामुळे बाजारात माणसं कमी होती. लेक वर्षभर मागे लागली होती, म्हणून त्या दिवशी आठवडी बाजारातून मी बदकांची एक जोडी घेतली. चारशे रुपये. महिना-सव्वा महिन्याची पिल्लं, अंगावर अर्धी लव आणि अर्धी पिसं. विकणाऱ्यानं दोघांचे पाय एकाच सुतळीनं बांधले, करकचून गाठ मारली आणि उलटी धरून माझ्या हातात दिली. मी ती स्कूटरच्या पुढच्या हुकाला अडकवली. तिथे एरवी भाजीची पिशवी असते. घर चौदा किलोमीटर. वाटेत एका टपरीवर थांबून चहाही प्यायलो.

घरी येऊन सुतळी सोडली. एक पिल्लू फडफडत उठलं आणि थेट नळाखालच्या डबक्यात जाऊन बसलं. दुसरं उठलंच नाही. उजवा पाय मागे फरफटत होता. पंजाच्या वर सुतळीचा खोल वळ उमटला होता आणि त्याच्या वरचा सांधा सुजून बोराएवढा झाला होता.

हे इतकं बारकाईनं सांगतोय, कारण पुढे दोष कुणाचा हा प्रश्न येणारच आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागत नाही.

अब्बा बाजेवर बसले होते. त्यांनी पिल्लू उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हलाल कर दो. रात में मर गया तो किसी काम का नहीं रहेगा." यात निर्दयपणा नव्हता. अब्बांनी उभं आयुष्य कोंबड्या पाळल्या. जनावर आपोआप मेलं तर ते मुरदार, खाता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे आजारी पक्ष्याच्या बाबतीत घरात एक घड्याळ सुरू होतं. तो बरा होईल की नाही यापेक्षा तो मरायच्या आत सुरी लागते की नाही, हा विचार आधी येतो. गरीब घरात तर तो यायलाच हवा. एक वेळचं कालवण मातीत घालणं ही काही चैन परवडण्यासारखी गोष्ट नाही.

लेक काही बोलली नाही. तिनं पिल्लू ओढणीत गुंडाळलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. मी अब्बांना म्हटलं, सकाळपर्यंत पाहू.

पक्ष्याच्या पायाबद्दल आपल्याला फार थोडं माहीत असतं. त्या रात्री मी जे वाचलं आणि ज्यांना फोन केले त्यातून पहिली गोष्ट ही कळली की बदकाचा मागे वळणारा जो सांधा आपण गुडघा समजतो, तो गुडघा नव्हेच. तो त्याचा घोटा. खरा गुडघा वर, पिसांच्या आत लपलेला असतो. त्यामुळे दुखणं नेमकं कुठे आहे हे सांगताना आपण पहिल्याच शब्दाला चुकतो. तपासायची पद्धत साधी आहे: दोन्ही पाय शेजारी शेजारी धरायचे आणि वरून खालपर्यंत बोटांनी चाचपत यायचं. चांगला पाय हाच आपला नकाशा. कुठे गरम लागतं, कुठे हाड कुरकुरतं, कुठे नको तिथे वळतं, पंजा गार पडलाय का, बोट दाबल्यावर पिल्लू ते ओढून घेतं का. आमच्या पिल्लानं पंजा ओढून घेतला. हाड मोडलेलं वाटत नव्हतं. सूज घोट्यावर होती आणि जखम सुतळीच्या वळाची.

दुसऱ्या दिवशी त्याला खोक्यात घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. कोणत्या, ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसाचा दोष नाही. बाहेर बैल होता, तीन-चार शेळ्या होत्या, एक म्हैस अडलेली म्हणून डॉक्टर गावात गेले होते. आतल्या कर्मचाऱ्यानं खोक्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हे एकच हाये का? शंभर-दोनशे असते तं काही सांगतलं असतं." मागे बसलेला एक शेतकरी हसला. मीही हसलो. मग त्यानं जखम धुऊन दिली, लावायला मलम दिलं आणि कळवळून म्हणाला, "पाय बांधून आणलं असन नं?"

त्याचं ते "एकच हाये का" मी नंतर बरेच दिवस डोक्यात घोळवत होतो, कारण त्यात सगळा मामला आहे. कोंबडी-बदकांचं आपल्याकडचं सगळं शास्त्र कळपाचं आहे. लसीचं वेळापत्रक आहे ते कळपाचं, औषध पाण्यात मिसळायचं ते कळपाच्या हिशेबानं, आणि मर मोजायची ती टक्क्यांत. त्यालाही कारण आहे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तिथे एकेका कोंबडीचा विचार करत बसणं शक्यच नव्हतं, आणि केला असता तर ते चूकच ठरलं असतं. पण कळपाच्या शास्त्राला एक पिल्लू दिसत नाही. एका पिल्लाचा पाय दुखावला तर पुस्तकातलं उत्तर एकच असतं: काढून टाका. परवडत नाही. गाय आणि बैल 'एक' असतात. त्यांना नाव असतं, विमा असतो, दाखला असतो. कोंबडी-बदक नेहमी 'इतक्या' असतात.

आणि घरात मात्र ते एकच असतं. त्याच्यासाठी ओढणी मळवणारं पोरही एकच.

पुढचे तीन आठवडे आम्ही काय केलं ते सांगतो, कारण कुणाला उपयोगी पडेल. पहिलं काम फरशी बदलणं. आमच्या पडवीत गुळगुळीत कोबा आहे, त्यावर धडधाकट पिल्लाचेही पाय फाकतात. वर्तमानपत्र तर त्याहून वाईट, ओलं झालं की घसरतंच. आम्ही खोक्यात जुनं पोतं अंथरलं, त्यावर तणस, आणि ती रोज बदलली. बदक ओली घाण फार करतं, आणि बसून राहिलेल्या पक्ष्याच्या छातीला आणि तळपायाला ती लागली की दुसरंच दुखणं सुरू होतं. तळपायाला जखम होऊन आत काळी खपली धरते, ती महिनोन्‌महिने बरी होत नाही. दाणा आणि पाणी तोंडाजवळ ठेवलं. पाणी इतकं खोल, की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडावी. बदकाला दाण्यासोबत पाणी नसेल तर घास अडकतो, आणि नाक धुता आलं नाही तर डोळे-नाक चिकटतात. कोंबडीच्या सवयीनं आपण उथळ ताटली ठेवतो, ती चूक.

दुसऱ्या पिल्लाला वेगळं केलं खरं, पण मध्ये फक्त जाळी ठेवली. एकटं बदक फार ओरडतं, खाणं सोडतं. जाळीपलीकडे भावंड बसलेलं दिसलं की शांत होतं. पहिल्या रात्री आम्ही ही चूक केली होती, आणि घरात कुणीही झोपलं नव्हतं.

मग पाणी. बदकाच्या दुखऱ्या पायाला पाण्यासारखा इलाज नाही. अंगाचं वजन पाण्यावर जातं आणि पाय आपोआप हलायला लागतो. सुतळीची जखम भरेपर्यंत थांबलो. सहाव्या-सातव्या दिवशी कपडे धुवायच्या मोठ्या टबात कोमट पाणी घेतलं, पाय तळाला टेकणार नाहीत इतकं. पहिल्या दिवशी ते एकाच पायानं वल्हवत गोल गोल फिरत राहिलं. चौथ्या दिवशी उजवा पंजा उघडला. लेक ओरडली तेव्हा अब्बा बाजेवरून उठून आले. पाच-दहा मिनिटांच्या वर ठेवायचं नाही आणि बाहेर काढल्यावर पुसून उबेत ठेवायचं. आईच्या पोटाखाली वाढलेल्या पिल्लाच्या अंगाला तिच्या पिसांचं तेल लागतं. बाजारातून आणलेल्या, अर्धी लव असलेल्या पिल्लाला ते नसतं. ते भिजतं, काकडतं आणि बदक असूनही पाण्यानं मरू शकतं.

हाड मोडलं असतं तर गोष्ट निराळी होती. पक्ष्याचं हाड लवकर जुळतं, तीनेक आठवड्यांत, पण ते सरळ जुळावं म्हणून आधार नीट बांधावा लागतो आणि ते काम जाणत्याचं आहे. पट्टी घट्ट झाली तर पंजा सुजतो, काळा पडतो. म्हणजे सुतळीनं केलं तेच आपण कापसानं करतो. वरचं, मांडीचं हाड मोडलं असेल तर घरी काही करायला जाऊच नये. नागपूरला 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण गोंदियाहून ते सव्वाशे किलोमीटरच्या वर पडतं, आणि दोनशे रुपयांच्या बदकासाठी तेवढं कोण जाईल हे मला कळतं. तिथे अब्बांचंच म्हणणं बरोबर ठरू शकतं. तडफडत ठेवण्यापेक्षा सुरी बरी. त्याबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार एवढीच, की हा निर्णय आपण पाय न पाहताच घेऊन मोकळे होतो.

आणखी एक, आमच्या जिल्ह्याचं म्हणून. सूज उतरली तरी पिल्लाच्या पायात जोर येईना. भावंडाचेही पाय किंचित धनुष्यासारखे वाकू लागले होते, आणि ते तर उलटं लटकूनही धडधाकट उतरलं होतं. तेव्हा लक्षात आलं की दोघांना आम्ही फक्त कनकी घालत होतो. गोंदियात राइस मिल म्हणजे घरोघरची गोष्ट, कनकी स्वस्त, पोतं भरून मिळते, कोंबड्या तीवरच वाढतात. बदक वाढत नाही. त्याला नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात 35 मिलिग्रॅम पुरतं, तिथे बदकाच्या पिल्लाला 55 लागतं, कारण त्याचं शरीर ते स्वतः फारसं बनवू शकत नाही. आणि पांढऱ्या तांदळात ते किलोमागे जेमतेम 16-17 मिलिग्रॅम. नुसत्या कनकीवरच्या पिल्लाचे घोटे जाड होतात, पाय वाकतात, मग ते बसूनच राहतं आणि लोक म्हणतात लकवा झाला. आम्ही वाळलेली बारीक मासळी कुटून मिसळली, उकडलेले वाटाणे दिले, शेंगदाण्याचा कूट दिला. नायसिनचं औषध किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलं, हसले नाहीत.

शेंगदाण्याबद्दल एक सावधगिरी, विशेषतः आमच्या पावसाळ्यात. बुरशी लागलेले दाणे किंवा ढेप बदकाला चुकूनही घालू नका. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्कीची पिल्लं पटापट मेली, बदकांचीही मेली, आणि शोध घेतला तेव्हा कारण निघालं भुईमुगाच्या ढेपेतली बुरशी. अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच सापडलं. बदकाचं पिल्लू त्याला फारच नाजूक असतं. आपण नासलेलं ते 'जनावराला घाला' म्हणतो ना, तिथे हे आठवावं.

आणि घरातली दुखण्याची गोळी अर्धी करून द्यायचा मोह होतो, तो टाळावा. डायक्लोफिनॅकनं गिधाडांचं काय झालं ते आपण पाहिलंय. ते औषध दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं संपत आली, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं औषध पाखराच्या अंगात माणसासारखं वागत नाही.

इथपर्यंत सगळं बदकाबद्दल झालं. आता सुतळीबद्दल.

आम्ही मुसलमान जनावर कापण्याबाबत फार काटेकोर असतो, असं आम्हाला वाटतं. सुरीला धार हवी. ती जनावराच्या डोळ्यांदेखत पाजळू नये. एकासमोर दुसऱ्याला कापू नये. आधी पाणी पाजावं. लहानपणी मी हे अब्बांकडूनच शिकलो, आणि या शिकवणीचा मला आजही अभिमान आहे. बकरीदच्या आधी बोकड घ्यायला जातो तेव्हा त्याचा पाय आम्ही किती निरखून पाहतो! उघड लंगडणारं जनावर कुर्बानीला चालत नाही म्हणून त्याला चार पावलं चालवून बघतो, खूर उचलून बघतो. आणि महिन्याभरानं मीच दोन पिल्लं सुतळीनं बांधून हुकाला उलटी टांगतो आणि वाटेत चहा पितो.

शेवटच्या एका मिनिटाबद्दल एवढे नियम, आणि त्याआधीच्या सगळ्या तासांबद्दल काहीच नाही? नियम नाहीत असं नाही. ते आम्ही वाचलेलेच आहेत, फक्त सोयीचे तेवढे लक्षात ठेवले. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मशिदीत कितीदा ऐकली असेल. अबू उमैर नावाच्या लहानग्याचं पाळलेलं पाखरू मेलं, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याची उदासी पाहून त्या पाखराची चौकशी केली, हीही हदीस आहे. मला ती नेहमी गोड वाटायची. त्या रात्री ओढणीत पिल्लू धरून बसलेली लेक पाहिल्यावर ती जरा टोचली.

हे फक्त आमच्यापुरतं नाही, हेही सांगून टाकतो. नाहीतर हा लेख वाचून काही वाचक भलत्याच आनंदात जातील. आमच्या बाजारात कोंबड्या घेऊन जाणारे सगळ्या जातीधर्मांचे आहेत. सायकलच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी दहा-बारा कोंबड्या उलट्या लोंबकळतात, ऊन असो की पाऊस. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा नसतो. उलटं टांगलं की पोटातलं सगळं ओझं श्वासाच्या पिशव्यांवर येतं. ती गप्प लोंबकळते म्हणून आपल्याला वाटतं शांत आहे. ती श्वासासाठी झगडत असते. आणि सगळं वजन येतं ते दोन काड्यांसारख्या पायांवर, जे उभं राहण्यासाठी बनलेत, लटकण्यासाठी नव्हे. बदक तर कोंबडीहून जड आणि त्याचे पाय तुलनेनं अधिक नाजूक. त्याला उचलायचं ते पोटाखाली हात घालून, पंख अंगाशी धरून. पाय धरून कधीच नाही.

कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा, त्याचं कलम 11. वाहनावरून असो की हातातून, विनाकारण वेदना होतील अशा रीतीनं कोणत्याही प्राण्याला नेणं हा त्यात गुन्हा आहे, आणि प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव. अन्नासाठी कापण्याला तो कायदा आडवा येत नाही, विनाकारण यातना दिल्या तरच येतो. म्हणजे अब्बांनी मला शिकवलं तेच संसदेनंही लिहिलंय. आता दंड ऐका. पहिल्या गुन्ह्याला 10 रुपये ते 50 रुपये. माझं एक पिल्लू दोनशेचं होतं. टोपली दीडशेला मिळते. हिशेबी माणसानं काय करावं, हे कायद्यानंच सांगून टाकलंय.

गोंदिया जिल्हा पाखरांसाठी प्रसिद्ध आहे, हे वाचकांना माहीत असेल. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः आमच्याच धानाच्या बांध्यांत आहेत. घरटं दिसलं की तेवढा तुकडा सोडून रोवणी करणारे शेतकरी इथे आहेत, दरवर्षी सारसांची गणना होते, आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. मला याचं खरंच कौतुक आहे. पण ज्या बांधीत सारसासाठी कोपरा सोडला जातो, तिच्याच धुऱ्यावरून उलट्या कोंबड्यांची सायकल जाते आणि दोन्हीत काही विसंगती आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही चाळिशी ओलांडेपर्यंत वाटलं नव्हतं. दुर्मिळ पाखराची दया करणं सोपं आहे. ते आपल्या ताटात येत नाही.

जाता जाता एक सूचना, कारण पावसाळ्यात बोडीच्या काठी पोरांना पिल्लं सापडतात. ते पिल्लू अडईचं किंवा हळदी-कुंकू बदकाचं असेल तर ते जंगली आहे. पाय दुखावलेला असला तरी ते घरी ठेवता येत नाही. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे, तिथे कळवावं. पाळीव जनावरांसाठी फिरत्या दवाखान्याचा 1962. तुमच्या गावात गाडी कधी येईल ते माझ्या हातात नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत, आणि "एकच हाये का" असं पुन्हा पुन्हा विचारावं लागलं तर कदाचित एका पाखराचीही नोंद करायची सवय लागेल.

मला विचारलं गेलंय, आणि योग्यच विचारलंय, की शेवटी खायचंच आहे तर हे सगळं कशाला. माझ्या मेव्हण्यानं तर हिशेबच मांडला: मलम, मासळी, वाटाणे, दोनदा पेट्रोल, आणि बदक दोनशेचं. त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण पैशाच्या हिशेबात तो बरोबर आहे. मला एवढंच म्हणायचं होतं की मी त्या बदकावर खर्च केला नाही, दंड भरला. कायद्याच्या दंडाहून थोडा जास्त.

पिल्लू आता चालतं. उजवा पाय थोडा बाहेर फेकतं आणि घाईत असलं की कलंडतं. भावंड बोडीवर आधी पोचतं, हे मागून ओरडत जातं. अब्बांनी पडवीच्या पायरीला एक फळी तिरकी लावून दिली आहे आणि तिच्यावर पोतं ठोकलं आहे, पाय घसरू नये म्हणून. "मुर्गियों के लिए लगाया," असं ते म्हणतात. आमच्याकडे सध्या एकही कोंबडी नाही.

दोघांत नर कोण आणि मादी कोण हे इतके दिवस कळत नव्हतं. आता भावंडाचा आवाज फुटलाय, खणखणीत क्वॅक, म्हणजे ती मादी, अंडी देईल. लंगड्याचा आवाज घोगराच राहिला, आणि गेल्या आठवड्यात बायकोनं मला बोलावून त्याच्या शेपटीचं एक पीस वर वळायला लागल्याचं दाखवलं. नर आहे. अंडी देणार नाही. हिवाळ्यापर्यंत चांगला दीड किलोच्या वर भरेल. आम्ही दोघं थोडा वेळ त्या वळलेल्या पिसाकडे बघत उभे होतो. लेकीला अजून सांगितलेलं नाही.